वीरनारीभोवतीची माणसं

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिशांनी उभारलेलं स्मारक आजही गावात आहे आणि लोक तिथे आदराने माथा टेकवतात. त्या ४६ जणांच्या बायकांचं पुढे काय झालं, त्या कुणाशी बोलल्या, रात्री त्यांना झोप लागायची का, याची नोंद कुठल्याच दगडावर नाही.

माझ्या आजोळी १९७१च्या युद्धात नवरा गेलेल्या एक काकू होत्या. २६ जानेवारीला शाळेत त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळायची, हातात नारळ आणि अंगावर शाल. त्याआधी दहा-बारा दिवस संक्रांतीचं हळदी-कुंकू व्हायचं, तेव्हा त्याच काकू स्वतःच्या घरात सोप्यावर यायच्या नाहीत, माजघरात तीळ निवडत बसायच्या. बाहेर बसू नका असं त्यांना कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. सांगायची गरजच पडत नव्हती. वर्षातून एक दिवस खुर्ची आणि उरलेले दिवस माजघर, असं त्यांचं आयुष्य गेलं. म्हातारपणी त्यांची दातखीळ बसायची, आणि घरातले म्हणायचे, "काकूंना वाऱ्याचा त्रास आहे."

काकू गेल्या, पण ती खुर्ची आणि ते माजघर दोन्ही अजून आहेत. युद्धानंतर बाईचं मन सावरतं की ढासळतं, हे तिच्याभोवतीची माणसं तिच्याशी कशी वागतात यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतं, आणि आपण तिला मान देतो तो अटी घालून देतो, असं माझं म्हणणं आहे. हा एकेका घराचा खाजगी प्रश्न नाही. तो गावाचा, ग्रामपंचायतीचा आणि सरकारचा आहे. म्हणून मुद्दे करून मांडते.

१. घाव एका दिवसाचा, पण तो भरतो की चिघळतो हे पुढच्या महिन्यांत ठरतं.

भयंकर प्रसंगातून गेलेल्या काही माणसांच्या मनात तो प्रसंग पुन्हा पुन्हा घडत राहतो. झोप उडते, दाराची कडी वाजली तरी काळजात चर्र होतं, जवळची माणसं परकी वाटू लागतात. डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून अमेरिकेत १९८० साली या आजाराला अधिकृत नाव मिळालं. २००० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी सैनिक आणि नागरिक अशा दोहोंवर झालेले ७७ अभ्यास एकत्र तपासले. हा आजार कुणाला जडतो आणि कुणाला नाही, हे शोधताना त्यांना दिसलं की माणसाचं वय, शिक्षण, आधीचं आयुष्य यांपेक्षा तीन गोष्टी जड ठरतात: प्रसंग किती भीषण होता, त्यानंतर आधार मिळाला की नाही, आणि नंतरच्या आयुष्यात आणखी किती ओझी पडली. यांतली पहिली गोष्ट आपल्या हातात नसते. उरलेल्या दोन बऱ्याच अंशी भोवतीच्या माणसांच्या हातात असतात.

आता आपल्या गावाकडे बघा. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते त्या दिवशी पंचक्रोशी लोटते. घोषणांनी आभाळ दणाणतं, मंत्री येतात, शाळेची मुलं रांगेत उभी राहतात. बाराव्या-तेराव्यापर्यंत घरात चूल पेटवावी लागत नाही, शेजारची माणसं पिठलं-भाकरी आणून देतात. ही आपली चांगली रीत आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण ज्या दिवसांत बाईला धड काही कळतही नसतं, त्या दिवसांत आपण सगळा आधार ओतून मोकळे होतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा घर खायला उठतं आणि लेकरू "पप्पांचा फोन कधी येणार" विचारतं, तेव्हा ओट्यावर कुणी नसतं.

२. माणसं असणं म्हणजे आधार असणं नव्हे.

"आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे, तिला काय कमी?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. २००३ साली प्रसिद्ध झालेला एक ब्रिटिश अभ्यास युद्धाचा नाही, हिंसक गुन्ह्यांना बळी पडलेल्या स्त्री-पुरुषांचा आहे, पण तो आपल्या घराला लागू पडतो. त्यात दिसलं की धीर देणारी माणसं स्त्रियांना आणि पुरुषांना साधारण सारखीच मिळाली. फरक होता तो दुसऱ्याच गोष्टीत. घरच्यांकडून आणि ओळखीच्यांकडून टोचून बोलणं, दोष देणं, 'पुरे आता' म्हणणं हे स्त्रियांच्या वाट्याला जास्त आलं. अशा बोलण्याचा घाव स्त्रियांना अधिक लागला, आणि सहा महिन्यांनंतरच्या त्यांच्या त्रासाशी त्याचा थेट संबंध दिसला.

आपल्याकडे ही टोचणी कशी असते? "पांढऱ्या पायाची." "पैसे मिळाले की गं, आता कशाला रडतेस?" "फोन कुणाचा होता?" "रंगीत साडी नेसलीस, कुठं निघालीस?" "तुझ्या दुःखापेक्षा आईचं दुःख मोठं." नवरा गेला त्या महिन्यात जिला घरात 'देशाची लेक' म्हटलं जातं, तिलाच वर्षभरात ही वाक्यं ऐकायला लागतात. ती उलटून बोलू शकत नाही, कारण आता ती एका शहिदाचं नाव सांभाळणारी बाई आहे. तिच्या हसण्याचा हिशेब ठेवला जातो आणि तिच्या रडण्याचाही.

गाव सोडून देशाकडे पाहा. सियाचिनमधल्या आगीत गेलेल्या एका लष्करी डॉक्टरचं कीर्तिचक्र २०२४च्या जुलैमध्ये त्याच्या पत्नीने राष्ट्रपतींच्या हातून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचं दुःख सगळ्या देशाने पाहिलं, आणि त्याच आठवड्यांत समाजमाध्यमांवर तिच्याविषयी अश्लील शेरे लिहिले गेले. राष्ट्रीय महिला आयोगाला पोलिसांकडे जावं लागलं. एप्रिल २०२५मध्ये पहलगामला हल्ला झाला, २६ जण गेले, त्यांत आपले महाराष्ट्रातले सहा होते. त्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नौदलाच्या एका अधिकाऱ्याची पत्नी, लग्नाला आठवडाही न झालेली, इतकंच म्हणाली की मुसलमानांचा आणि काश्मिरींचा द्वेष करू नका. तिच्यावर शिव्यांचा भडिमार झाला. पुन्हा महिला आयोगाला निषेध करावा लागला. विधवेने काय बोलावं हे आपण आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्यापलीकडे ती एक वाक्य बोलली की तिचा मान काढून घेतला जातो. यालाच मी अटी घालून दिलेला मान म्हणते.

३. पैशालाही अट होती, आणि ती सरकारने घातलेली होती.

लढाईत गेलेल्या जवानाच्या पत्नीला अखेरच्या पगाराइतकं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ही तरतूद चांगली आहे. पण शौर्यपदकाबरोबर जो मासिक भत्ता मिळतो, त्याचा नियम नोव्हेंबर २०१७पर्यंत काय होता ते वाचकांनी लक्षात घ्यावं. वीरपत्नीने पुनर्विवाह केला की भत्ता बंद. अपवाद एकच, तिने दिवंगत नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तर तो चालू राहील. एकविसाव्या शतकाची सतरा वर्षं उलटेपर्यंत भारत सरकारचा कागद एका बाईला सांगत होता की तू त्या घराचीच राहिलीस तरच आम्ही तुझे. कारगिलनंतर हरियाणा-पंजाबकडे कोवळ्या वयाच्या विधवांना दिराशी चादर घालून लग्न करायला लावल्याच्या बातम्या येत होत्या, त्यामागे पेन्शन घराबाहेर जाऊ नये हा हिशेब होता. २०१७ साली संरक्षण मंत्रालयाने ही दिराची अट काढून टाकली. उशिरा का होईना, ते योग्य झालं.

आपल्याकडे हा दबाव दुसऱ्या रूपात येतो. शहाण्णव कुळीचा अभिमान बाळगणाऱ्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठा पलटणीत भरती झाली, त्यांतल्या पुष्कळ घरांत विधवेचं दुसरं लग्नच मान्य नव्हतं. दिराशी नाही आणि आणखी कुणाशीही नाही. बावीस-तेवीसच्या मुलीने पुढची पन्नास वर्षं एका फोटोला हार घालत काढावीत, अशी अपेक्षा आजही उघडपणे बोलली जाते. शिवाय पेन्शन तिच्या नावाची असली तरी ती देणाऱ्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीचा ओटीपी दिराच्या किंवा सासऱ्याच्या मोबाइलवर येतो, असंही दिसतं. हयातीच्या दाखल्यासाठी तिला बँकेत नेतात, सही घेतात, घरी आणून सोडतात. हे सगळं करणारी माणसं वाईट असतातच असं नाही. पण स्वतःच्या पैशासाठी ज्या बाईला रोज दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, तिचं मन कसं उभारी धरणार?

इथे वीरमातेची बाजूही मांडायला हवी. म्हातारे आई-बाप मुलाच्याच पगारावर जगत असतात, तो गेल्यावर त्यांचं काय? त्यांचा प्रश्न खरा आहे. तो सोडवायचा असेल तर आई-वडिलांचा हक्क स्वतंत्रपणे, त्यांच्या नावाने द्या. काही राज्यांनी सानुग्रह रक्कम तशी वाटून द्यायला सुरुवातही केली आहे. एकाच थैलीवर सासू आणि सून या दोघींची गाठ मारून ठेवली, तर सरकारच त्या दोन दुःखी बायकांना एकमेकींसमोर उभं करतं. खरं तर त्या घरात एकमेकींचं दुःख कळू शकेल अशा त्या दोघीच असतात.

४. मन दुखतं तेव्हा बाई अंग दुखतं म्हणून सांगते.

डोकं जड वाटतं, छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती हेच सांगते, तिथून गोळ्या घेऊन येते. मनाविषयी विचारणारं तिथे कुणी नसतं, आणि 'मानसिक' हा शब्द उच्चारला तर "वेडी ठरवतील, पोरं काढून घेतील" ही भीती असते. काकूंचा 'वारा' काय होता, हे मला फार उशिरा कळलं.

५. परत आलेल्या पुरुषाला कुणी विचारत नाही, आणि त्याचा भार बाईवर पडतो.

स्त्रियांविषयी लिहिताना पुरुष बाजूला ठेवून चालत नाही. फौजी म्हणजे दगडाचं काळीज, हे त्याच्या डोक्यात घरापासून पलटणीपर्यंत सगळ्यांनी भरलेलं असतं. सुट्टीवर आलेला किंवा पेन्शनीत निघालेला जवान रात्री ओरडत उठतो, फटाक्याने दचकतो, बारीकसारीक गोष्टीवर पोरांवर हात उगारतो, कँटीनच्या बाटलीला जवळ करतो. गाव म्हणतं, "फौजी आहे, तापट असायचाच." तो कुणाशी बोलत नाही, कारण बोलणं म्हणजे कमजोरी. आणि बायको कुणाशी बोलत नाही, कारण तिचा नवरा तर जिवंत आहे, तिने कशाची तक्रार करायची? शहिदाच्या पत्नीला निदान २६ जानेवारीची खुर्ची आहे. हिच्या दुःखाला नावही नाही.

पुण्याजवळ खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला मार लागून कमरेखाली किंवा मानेखाली लुळे झालेले जवान तिथे एकत्र राहतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, काही जण तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. आपल्यासारखीच जखम असलेली माणसं रोज सोबत असली की काय होऊ शकतं, हे खडकीने दाखवून दिलंय. पण घरी राहणाऱ्या जखमी जवानाची पत्नी त्याला रात्रीतून दोनदा-तीनदा कुशीवर वळवते, त्याची लघवीची पिशवी बदलते, सकाळी जनावरांची धार काढते, पोरांचे डबे करते. तिच्यासारख्या दहाजणी कधी एका खोलीत बसल्यात का? सरकार सतत परिचर्येचा भत्ता देतं तो जखमी जवानाच्या नावाने. परिचर्या करणारी मात्र कागदावर कुठेच नाही.

६. जो गेलाही नाही आणि आलाही नाही, त्याच्या बायकोला काय म्हणायचं?

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पडलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७०च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. १९६५ आणि १९७१च्या युद्धांतल्या बेपत्ता ५४ जणांच्या यादीत विजय तांबे यांचं नाव आहे. २००७ साली या कुटुंबांतली काही माणसं पाकिस्तानातल्या तुरुंगांतून फिरून आली, पण हाती काही लागलं नाही. दमयंतीबाईंनी दुसरं लग्न केलं नाही आणि शोधही सोडला नाही.

अशा दुःखावर अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी आयुष्यभर काम केलं. १९७०च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांपासून त्यांनी सुरुवात केली. त्यांचं म्हणणं साधं आहे. ज्या नुकसानीला शेवट नाही तिथे माणूस रडून मोकळं होऊ शकत नाही, आणि समाजाकडेही त्यासाठी कुठला विधी नसतो. आपल्याकडे तर विधींची रेलचेल. दहावा, बारावा, वर्षश्राद्ध. पण यांतला एकही विधी बेपत्ता जवानाच्या घराला लागू पडत नाही. कुंकू लावलं तरी लोक बोलतात, पुसलं तरी बोलतात.

७. वर्दी घालणाऱ्या वीरपत्नींचा मला अभिमान आहे, पण त्यांचं उदाहरण इतरांच्या अंगावर फेकू नका.

कर्नल संतोष महाडिक साताऱ्याचे. नोव्हेंबर २०१५मध्ये कुपवाड्यात ते धारातीर्थी पडले. शिक्षिका असलेल्या त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी चेन्नईच्या अकादमीत खडतर प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. त्यांची जिद्द मोठी आहे. मात्र आता प्रत्येक वीरनारीला ऐकवलं जातं, "बघ ती, आणि तू अजून रडतेस." दहावी झालेली, दोन लेकरांची आई, जिची सासू अंथरुणाला खिळलेली आहे, तिने वर्दी घातली नाही म्हणून ती कमी शूर ठरत नाही.

८. हेरवाडने जे केलं ते फौजींच्या गावांनी आधी करायला हवं होतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायला लावायची नाहीत. दोन आठवड्यांत राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. त्याच शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, घरटी फौजी देणारं गाव.

काही जण म्हणतील, बांगड्यांनी काय होतं, मनाच्या आजाराशी त्याचा काय संबंध? माझ्या मते सरळ संबंध आहे. अंत्यविधीच्या वेळी चार बायका तिला धरतात आणि तिचे हात दगडावर आपटून काच फोडतात. हा प्रसंगही एक आघातच आहे, आणि तो तिच्याच माणसांनी केलेला असतो. त्यानंतर प्रत्येक हळदी-कुंकवाला, प्रत्येक बारशाला, प्रत्येक ओवाळणीला तिला माजघरात पाठवलं जातं. पहिल्या मुद्द्यात म्हटलं तो आधार गावात मिळतो कुठे? बायकांसाठी तो अशाच ठिकाणी मिळतो, जिथे त्या चार घटका एकत्र बसतात. नेमकं तेच दार आपण तिच्या तोंडावर लावून घेतो.

९. मागणं काय आहे?

एक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत कल्याण संघटक आहेत, ते बहुधा माजी सैनिक पुरुष असतात आणि कागदपत्रांचं काम मनापासून करतात. त्यांच्या जोडीला प्रशिक्षित महिला समुपदेशक नेमा. ती तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास घरी जाईल, बाईशी एकटीशी बोलेल, घरात परतलेला जखमी जवान असेल तर त्याच्या पत्नीशीही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी विदर्भ-मराठवाड्यात 'प्रेरणा' प्रकल्पातून आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करतात. तीच पद्धत साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात, जिथे वस्त्यांच्या वस्त्या पलटणीत आहेत तिथे लावा. नवं काही शोधायला नको.

दोन, सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि सैन्यदलातली माणसं व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३मध्ये तिचा वेगळा कक्ष सुरू झाला. हा क्रमांक किती वीरनारींच्या मोबाइलमध्ये जतन केलेला आहे? पेन्शनच्या कागदाबरोबर तो मराठीत, मोठ्या अक्षरांत गेला पाहिजे.

तीन, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: महिन्यातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी वीरनारींची आणि जखमी जवानांच्या पत्नींची बैठक. भाषण नको, शाल नको, फोटो नको. एसटीचं भाडं, चहा आणि बंद दाराची एक खोली. कर्नल वसंत वेणुगोपाल मराठा लाइट इन्फंट्रीचे, २००७ साली उरीत धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी सुभाषिनी वसंत यांनी बंगळूरात अशाच बायकांना एकत्र आणण्याचं काम उभं केलं. मराठा पलटणीच्या घरातून उगवलेलं हे काम मराठी मुलुखात तालुक्यागणिक का असू नये?

आणि गावाने काय करायचं, ते गावाच्या हातात आहे. त्याला निधी लागत नाही, वरून आदेशही लागत नाही. १५ ऑगस्टला सकाळी झेंडावंदन होईल, स्मारकाला हार घातला जाईल, त्याच दिवशी ग्रामसभा भरेल. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हेरवाडचा ठराव घ्या. सूचक म्हणून गावातल्या माजी सैनिक संघटनेचं नाव असू द्या, आणि अनुमोदन गावातल्या एखाद्या वीरनारीकडून घ्या.